जेवल्यावर ड्युओडेनममध्ये ॲसिड आणि बायकार्बोनेटचा हिशोब कसा जुळतो? (आणि ते लाखाचं पाणी)

फास्टलोकल (धागाकर्ता)
नमस्कार मंडळी, धागा चुकीच्या विभागात पडला असेल तर संपादकांनी हलवावा. झालंय असं की आमच्या कांदिवलीच्या सोसायटीत रविवारी एक जण अल्कलाइन पाण्याच्या मशीनचा डेमो घेऊन आला होता, किंमत लाखाच्या वर, ईएमआयची सोय आहे म्हणे. दोन ग्लासांत कसले तरी थेंब टाकून एक पाणी पिवळं, एक निळं करून दाखवलं आणि मग लेक्चर सुरू. म्हणे जठरातलं ॲसिड जेवणानंतर आतड्यात उतरतं, आतड्याला लागते अल्कली, ती बाहेरून मिळाली नाही की शरीर ती हाडांतून खेचतं, म्हणून जेवल्यावर हे पाणी प्या. समोरच्या काकू हाडांचं ऐकून लगेच हळव्या झाल्या, त्यांचे गुडघे दुखतात ना.
माझी मुलगी बारावीला आहे, नीटची तयारी चालूये, ती तिथेच म्हणाली की ॲसिड मारणारं बायकार्बोनेट तर स्वादुपिंड बनवतं. पण तो माणूस उलट म्हणाला, "बेटा, त्याला कळतं कसं किती बनवायचं ते?" तिथे ती गप्प झाली आणि घरी येऊन माझ्यावर चिडली. तर मला जरा नीट समजून घ्यायचंय. जठरात एवढं जहाल ॲसिड असतं, ते ड्युओडेनममध्ये (लहान आतड्याचा पहिला भाग, बोर्डाच्या पुस्तकात आद्यांत्र) उतरल्यावर तिथे भाजत कसं नाही? आणि हे बायकार्बोनेट किती, कधी, कोणाच्या सांगण्यावरून येतं? मी कॉमर्सवाला आहे, बेतानं सांगा.

शेवगा
लाखाचं पाणी!! आमच्याकडे बीएमसीचं येतं, तेही सकाळी सव्वापाच ते सहा. त्याचा पीएच बघायला जागं कोण राहणार.
बाकी वाचतोय.

बायोवाली
मी मेडिकलच्या पहिल्या वर्षाला फिजिऑलॉजी शिकवते त्यामुळे हा धागा बघून हात शिवशिवले, लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिली गोष्ट, "जेवलं की पोट लगेच जास्त ॲसिडिक होतं" असं बऱ्याच जणांना वाटतं, ते मुळात उलटं आहे. रिकाम्या पोटी जठराचा पीएच साधारण दीड-दोन असतो (आकडा जितका कमी तितकं ॲसिड जहाल, सात म्हणजे मधोमध, त्यावर अल्कली). तुम्ही वरणभात, उसळ, मासे काहीही खाल्लंत की त्यातली प्रथिनं ॲसिड शोषून घेतात आणि पीएच चढून चार-पाचपर्यंत, कधी त्याहून वर जातो. गंमत अशी की त्याच वेळी जठराच्या पेशी सगळ्यात जोरात ॲसिड बनवत असतात. म्हंजे उत्पादन जास्तीत जास्त पण मोकळं ॲसिड कमी. पुढच्या दोन-तीन तासांत अन्न खाली सरकत जातं, ॲसिड येतच राहतं, आणि पीएच परत उतरत उतरत मूळ पदावर. तेव्हा ड्युओडेनमला सुरुवातीला जे मिळतं ते तसं मवाळ असतं, खरा तिखट माल नंतर येतो.

दुसरं, तो धो धो येत नाही. जठराच्या तळाशी पायलोरस नावाचा स्नायूचा दरवाजा आहे, तो जरासाच किलकिला होतो, एक-दोन मिलिमीटरपेक्षा बारीक झालेलं अन्न पातळ रसाबरोबर चुळकाभर बाहेर जातं, उरलेलं परत मागे ढकललं जातं घुसळायला. गर्दीच्या वेळी दादरच्या ब्रिजवर पोलीस दोरी लावून थोडी थोडी माणसं सोडतात ना, तसं. त्यामुळे ड्युओडेनमच्या सुरुवातीच्या भागात, ज्याला बल्ब म्हणतात, तिथला पीएच जेवणानंतर एका आकड्यावर बसून राहतच नाही. चुळका आला की दोन-तीनपर्यंत खाली, मिनिटभरात परत सहाच्या आसपास, परत चुळका, परत खाली. थोडं पुढे गेलात की हे हेलकावे विरतात आणि पीएच सहा-सातच्या आसपास स्थिर दिसतो.

आता भाजत का नाही. बायकार्बोनेट तीन ठिकाणांहून येतं. एक, ड्युओडेनमचं स्वतःचं अस्तर. त्याच्या पेशी बायकार्बोनेट सोडतात, ते वरच्या चिकट थरात अडकून राहतं, आणि खाली ब्रुनरच्या ग्रंथी असतात त्या अल्कलाइन म्यूकस (चिकट स्राव) ओततात. दोन, स्वादुपिंड, मोठा पुरवठादार तोच. तीन, यकृताकडून पित्तनलिकेतून येणारा रस, त्यातही बायकार्बोनेट असतं. पण यात एक मेख आहे. स्वादुपिंडाची आणि पित्ताची नळी जिथे उघडते ती जागा पायलोरसपासून सात-दहा सेंटीमीटर पुढे आहे. म्हणजे पहिल्या काही सेंटीमीटरना मोठी मदत पोचायच्या आधी आपापलं निभवावं लागतं. ड्युओडेनमचे अल्सर बहुतेक करून तिथेच, बल्बमध्येच सापडतात, ते उगीच नाही.

फास्टलोकल
बापरे, मस्त. पण ताई, "कळतं कसं" ते राहिलं. मुलगी मागे उभी राहून वाचतेय.

बायोवाली
हो हो, तेच लिहीत होते, मध्ये कुकरच्या शिट्ट्या झाल्या.

ड्युओडेनमच्या अस्तरात एस-पेशी असतात विखुरलेल्या. आतला पीएच साधारण साडेचारच्या खाली गेला की त्या सिक्रेटिन नावाचं हॉर्मोन रक्तात सोडतात. ते रक्तातून फिरून स्वादुपिंडाच्या नलिकांपाशी पोचतं आणि त्या नलिका भरपूर पाणी आणि बायकार्बोनेट सोडायला लागतात. रक्तात बायकार्बोनेट लिटरला २४ मिलिमोलच्या (कणांची संख्या मोजायचं एकक) आसपास असतं, स्वादुपिंडाचा रस जोरात वाहत असताना त्यात १२० ते १४० पर्यंत जातं, पाचपट-सहापट! हे बायकार्बोनेट ड्युओडेनममध्ये आलं, ॲसिड मारलं, पीएच वर आला की एस-पेशींना उठवणारं कारणच संपलं, सिक्रेटिन थांबलं. परत चुळका आला की परत सुरू. किती बनवायचं हे कोणी आधी मोजत बसत नाही, आलेलं ॲसिडच आपली मागणी नोंदवतं. त्या सेल्समनला हे एवढंच सांगा.

शिवाय जेवणात स्निग्ध आणि प्रथिनं असली की आय-पेशी कोलेसिस्टोकायनिन सोडतात, त्यानं पित्ताशय आवळतं, स्वादुपिंडातून पाचकरस येतात आणि सिक्रेटिनचा बायकार्बोनेटवरचा परिणामही वाढतो. दोघं मिळून जेवढं काम करतात ते एकेकट्याच्या बेरजेपेक्षा जास्त असतं. आणि दोघंही मागे जठराला सांगतात की जरा हळू, सोडू नकोस इतक्यात. तळलेलं खाल्लं की पोट जड वाटतं ते त्यामुळेच.

नीटसाठी: सिक्रेटिनमध्ये २७ अमिनो आम्लं. विचारतात कधी कधी.

सोडावॉटर
सगळं छान पण पुस्तकी आहे. मी गेली काही वर्षं रोज जेवल्यावर अर्धा चमचा खायचा सोडा पाण्यात टाकून घेतो, ढेकर येते, हलकं वाटतं, म्हणजे काम होतंय ना? शरीराला बायकार्बोनेट लागतंच म्हणताय तर वरून दिलं तर बिघडलं काय? स्वादुपिंडाचा तेवढाच ताण कमी. आणि त्या मशीनला नावं ठेवणाऱ्यांनी आधी पिऊन बघावं. आमच्या मेव्हण्याकडे आहे. गोड लागतं पाणी.

हिशोबनीस
सोडावॉटर, रागावू नका, मी माटुंग्याच्या यूडीसीटीचा, म्हणजे केमिकल टेक्नॉलॉजीच्या कॉलेजचा, जुना माणूस आहे (आताचं आयसीटी), मला आकडे दिसले की राहवत नाही.

आधी मशीनचं पाणी. समजा पीएच ९, अगदी तो निळा ग्लास. म्हणजे लिटरमध्ये हायड्रॉक्साइड (ॲसिड मारणारा कण) किती, तर दहाचा उणे पाचवा घात मोल, म्हणजे ०.०१ मिलिमोल. जठररस पीएच १.५ चा धरला तर लिटरला ३० मिलिमोलच्या वर ॲसिड. आता भागाकार करा. तुमच्या अख्ख्या लिटरभर पाण्यातला हायड्रॉक्साइड जठररसाचे फक्त सहा-एक थेंब मारू शकतो. सहा थेंब! आणि जठर दिवसाला दीड-दोन लिटर रस बनवतं. रंग बदलतो कारण इंडिकेटरला, म्हणजे त्या थेंबांना, पीएच दिसतो, पाण्यात ॲसिड रिचवायची ताकद किती आहे ते त्याला दिसत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा धंदा त्या फरकावर चाललाय.

आता तुमचा सोडा. तो मात्र खरा गडी आहे. सपाट चमचा म्हणजे पाच ग्रॅम धरा, त्यात साधारण ६० मिलिमोल बायकार्बोनेट. पण तो जातो कुठे? जठरात. तिथे ॲसिड भेटलं की तिथेच खलास, आणि ६० मिलिमोल म्हणजे जवळपास दीड लिटर कार्बन डायऑक्साइड. तुमची ढेकर ती. पोट हलकं झालं असं वाटतं ते सोड्यानेच केलेल्या गॅसपैकी थोडा बाहेर पडला म्हणून. ड्युओडेनमपर्यंत त्यातलं पोचतं किती हा प्रश्नच आहे.
आणि सोडियम बघा, पाच ग्रॅममध्ये जवळजवळ १.४ ग्रॅम सोडियम. जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसाला अख्ख्या दिवसाचं २ ग्रॅमच्या आत म्हणते. तुम्ही अर्धा चमचा घेता म्हणजे त्याच्या निम्मं, पण रोज, आणि वर लोणचं-पापड वेगळं.

सोडावॉटर
पाण्यात मिनरल्स पण असतात, नुसता पीएच धरून कसं चालेल?

हिशोबनीस
असतात की, पाण्यातलं बायकार्बोनेट धरलं तर सहा थेंबांचे काही चमचे होतील. पण ते नळाच्या पाण्यातही असतं. त्यासाठी ईएमआय कशाला?

शेवगा
सहा थेंबांसाठी लाख रुपये. थेंबामागे साडेसोळा हजार. सोनं स्वस्त पडेल हो.

बायोवाली
+१ हिशोबनीस. त्यात थोडी भर. जठरातलं ॲसिड पुरेसं झालं की तिथल्या डी-पेशी सोमॅटोस्टॅटिन सोडून ॲसिडला ब्रेक लावतात. तुम्ही सोडा टाकून पीएच वर नेलात की तो ब्रेक सुटतो, गॅस्ट्रिन (ॲसिड बनवायला लावणारं हॉर्मोन) वाढतं आणि जठर परत ॲसिड बनवायला घेतं. आणि स्वादुपिंडाचा ताण वगैरे काही नसतो, दिवसाला लिटर-दीड लिटर रस बनवणं हे त्याचं रोजचं काम आहे.

हाडांचं पण एकदा निकालात काढू, त्या काकूंसाठी. जठराची पेशी ॲसिडचा एक कण आत सोडते तेव्हा बायकार्बोनेटचा एक कण मागच्या बाजूनं रक्तात टाकते. म्हणून भरपेट जेवणानंतर रक्तात थोडं बायकार्बोनेट वाढतं, लघवीसुद्धा थोडा वेळ अल्कलाइन होऊ शकते. पुढे स्वादुपिंड नेमकं उलटं करतं, बायकार्बोनेट आतड्यात आणि ॲसिड रक्तात. एकीकडे जमा, दुसरीकडे खर्च, दोन्ही मिळून शिल्लक शून्याच्या जवळपास. म्हणजे जेवणाच्या ॲसिडसाठी लागणारी अल्कली त्याच जेवणात जठरानं आधीच रक्तात जमा केलेली असते. हाडांचा संबंध येतोच कुठे?
हे खातं बिघडतं कधी, तर एक बाजू शरीराबाहेर गेली की. सतत उलट्या झाल्या की ॲसिड गेलं, रक्त अल्कलाइन बाजूला झुकतं. जोराचे जुलाब झाले की बायकार्बोनेट गेलं, रक्त ॲसिडकडे. एरवी फुप्फुसं आणि किडन्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ मध्ये धरून ठेवतात, तुम्ही लिंबू प्या नाहीतर सोडा.

फास्टलोकल
कॉमर्सवाल्याला डबल एन्ट्री सांगितलीत, आता डोक्यात बसलं. मुलगी म्हणतेय थँक्यू.
एक शंका. ड्युओडेनममध्ये पण ॲसिड आणि बायकार्बोनेट भेटल्यावर तोच गॅस होणार ना? मग तो कुठे जातो?

बायोवाली
होतो, चांगलाच होतो. पण त्यातला बराचसा तिथल्या अस्तरातून रक्तात विरघळतो आणि फुप्फुसातून श्वासावाटे बाहेर. जेवण झाल्यावर तुम्ही त्यातला काही नाकानं सोडत असता, कळत नाही एवढंच.

चिंचगूळ
बल्ब आणि अल्सरचं वाचून लिहावंसं वाटलं. माझे वडील लालबागला मिलमध्ये होते, स्पिनिंग खात्यात, पाळ्या बदलत्या. त्यांना हा ड्युओडेनमचाच अल्सर होता. दुखणं कसं तर जेवले की बरं, आणि जेवून दोन-तीन तास झाले की बेंबीच्या वर, एका बोटानं दाखवता येईल अशा जागी, कुरतडल्यासारखं. रात्री दोनच्या सुमारास हमखास उठायचे. उशाशी पितळी डब्यात ग्लुकोजची बिस्किटं आणि झाकलेलं दूध ठेवलेलं असायचं, ते अंधारातच हातानं चाचपून खायचे म्हणजे आम्ही पोरं उठू नये, खोली एकच. आम्हाला डब्याच्या झाकणाचा आवाज ओळखीचा होता. डॉक्टर सांगायचे दर दोन तासांनी दूध प्या, तिखट बंद. आईनं वर्षानुवर्षं त्यांची आमटी वेगळी केली. शेवटी सत्तरच्या दशकात ऑपरेशन झालं, नस कापली आणि जठराला आतड्याशी नवीन वाट जोडली. बरे झाले पण नंतर भरपेट जेवण कधी जमलं नाही त्यांना, घाम फुटायचा, धडधडायचं.
बायोवाली ताई, जेवल्यावर बरं आणि रिकाम्या पोटी दुखणं हे असं का? आणि दुधानं खरंच काही होत होतं का?

बायोवाली
चिंचगूळ, तुम्ही जे वर्णन केलंय ते मी वर्गात शब्दशः वाचून दाखवीन, परवानगी असेल तर.

वर लिहिलंच आहे की अन्न स्वतः ॲसिड पिऊन घेतं. जेवलं की आराम तो त्यामुळे. दोन-तीन तासांनी अन्न निघून गेलं पण ॲसिडचा जोर ओसरला नसेल तर जे खाली येतं ते जवळजवळ निव्वळ ॲसिड. रात्री तर अन्न नाहीच, लाळही कमी गिळली जाते आणि ॲसिड चालूच असतं. दूध पोटात गेल्या गेल्या थोडं ॲसिड रिचवतं पण त्यातली प्रथिनं आणि कॅल्शियम दोन्ही पुढे आणखी ॲसिड बनवायला लावतात. थोड्या वेळापुरता आराम, मग परत तेच.
नस कापली ती व्हेगस, मेंदूकडून जठराकडे येणारी. तिच्या फांद्या कापल्या की जठराचं ॲसिड कमी होतं पण जठराचं रिकामं होणंही बिघडतं, म्हणून नवीन वाट जोडावी लागायची. आणि दोरी सोडून दिल्यासारखं अन्न एकदम आतड्यात पडायला लागलं की ते घाम-धडधड, त्याला डम्पिंग म्हणतात.

पण खरं दुखणं बहुतेकांच्यात वेगळंच होतं. ऑस्ट्रेलियातल्या पर्थला रॉबिन वॉरेन आणि बॅरी मार्शल यांनी १९८२ साली जठरातला तो वाकडा जंतू, एच. पायलोरी, प्रयोगशाळेत वाढवला. कोणी मानेना म्हणून मार्शलनी १९८४ मध्ये स्वतः त्याचं द्रावण प्यायलं आणि जठराला सूज आणून दाखवली. २००५ चं नोबेल त्या दोघांना. हा जंतू जठराच्या खालच्या भागात बसला की गॅस्ट्रिन वाढतं, ॲसिड वाढतं, आणि ज्यांना ड्युओडेनमचा अल्सर आहे त्यांच्या बल्बचं अस्तर बायकार्बोनेटही कमी सोडतं असं मोजून दिसलंय. जंतू मारला की ते सुधारतं. म्हणजे दोन्हीकडून मार, येणारं जास्त आणि सांभाळणारं कमी. आज तुमचे वडील असते तर दोन आठवड्यांच्या गोळ्यांत बहुधा निभावलं असतं.

चिंचगूळ
वाचून दाखवा खुशाल. आईला सांगितलं आमटीचं, ती म्हणाली तिखट खाल्लं असतं तरी चाललं असतं तर मग मला आधी कोणी का नाही सांगितलं :)

डबलडेकर
वेस्टर्न रेल्वेत नोकरी झाली माझी, त्यामुळे एक अवांतर. आमच्या रेल्वेत डॉ. एस. एल. मल्होत्रा म्हणून डॉक्टर होते, त्यांनी साठच्या दशकात रेल्वे कर्मचाऱ्यांवरूनच अल्सरचा अभ्यास केला होता. दक्षिणेकडे भात खाणाऱ्यांत अल्सर जास्त आणि उत्तरेत गव्हाची रोटी खाणाऱ्यांत कमी, असं. त्यांचं म्हणणं रोटी चावावी लागते, लाळ जास्त मिसळते, भात तसाच गिळला जातो. बायोवालींनी लाळेचा उल्लेख केला म्हणून आठवलं.

बायोवाली
छान आठवण काढलीत. लाळेतही बायकार्बोनेट असतं हे खरंच. तो अभ्यास जंतू सापडायच्या आधीचा, त्यामुळे आज तो प्रश्न वेगळ्या तऱ्हेनं मांडावा लागेल. पण तिकिटं तपासणाऱ्या रेल्वेत बसून कोणीतरी भारतभरच्या पोटांची नोंद ठेवत होतं हे मला फार आवडतं.

वाचनवेडा
सिक्रेटिनचा विषय निघालाच आहे तर त्याची जन्मकथा टाकतो. १६ जानेवारी १९०२, लंडनचं युनिव्हर्सिटी कॉलेज, विल्यम बेलिस आणि अर्नेस्ट स्टार्लिंग, हे नात्यानं मेव्हणे. तेव्हा रशियन शास्त्रज्ञ पावलोव्हच्या शाळेचं मत असं की आतड्यातल्या ॲसिडची बातमी स्वादुपिंडाला नसांमधून जाते. यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक तुकडा घेतला, त्याच्या सगळ्या नसा कापल्या, फक्त रक्तवाहिन्या ठेवल्या आणि आत ॲसिड सोडलं. नसा नाहीत तरी स्वादुपिंडातून रस टपकायला लागला. मग स्टार्लिंगनी त्या आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि ॲसिड घालून खललं, गाळलं आणि सरळ शिरेत टोचलं. परत रस. म्हणजे निरोप रक्तातून जातो. पुढे १९०५ मध्ये स्टार्लिंगनीच अशा निरोप्यांसाठी हॉर्मोन हा शब्द वापरात आणला. आज आपण थायरॉइड, इन्सुलिन कशाकशाला हॉर्मोन म्हणतो, त्या सगळ्याची सुरुवात आपल्या या ॲसिड-बायकार्बोनेटच्या भांडणातून झाली.
पावलोव्हना १९०४ चं नोबेल पचनाच्याच कामासाठी मिळालं, आणि नसांचा वाटाही खोटा नाहीये, तो आहेच, पण एकटा नाही.

परळचा केमिस्ट
दुकान बंद करून वाचत बसलो. माझ्या बाजूनं दोन गोष्टी.

गिऱ्हाईक पँटोप्राझोलची (ॲसिड कमी करणारी) गोळी मोडून मागतं, "अर्धी द्या", किंवा आजींना गिळता येत नाही म्हणून कुटून देतात. करू नका. ते औषध ॲसिडमध्ये टिकत नाही म्हणून त्यावर असं आवरण असतं की जे जठरात विरघळत नाही, खाली कमी ॲसिडच्या ठिकाणी, पीएच साडेपाचच्या आसपास गेलं की विरघळतं. तिथून औषध रक्तात जातं आणि रक्तातून परत जठराच्या पेशींकडे, उलटी वाट. कुटलीत की पैसे पाण्यात. आणि ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी घ्यायची असते, जेवून ढेकर आल्यावर नाही.

दुसरं याच्याहून भारी. स्वादुपिंडाला जुनी सूज असलेले पेशंट आमच्याकडे एन्झाइमच्या कॅप्सूल घेतात, आत बारीक मणी असतात, त्यांच्यावरही तेच आवरण. यातला लायपेज, म्हणजे तूपतेल पचवणारा, ॲसिडमध्ये कायमचा मरतो, म्हणून आवरण. पण ज्याचं स्वादुपिंडच थकलंय त्याचं बायकार्बोनेटही कमी, मग ड्युओडेनम ॲसिडिकच राहतं, मणी वेळेवर उघडतच नाहीत आणि अन्न पुढे निघून जातं. तेल संडासावर तरंगत राहतं, पेशंट म्हणतो महागाची कॅप्सूल घेऊन उपयोग नाही. मग डॉक्टर कधी कधी सोबत ॲसिड कमी करणारी गोळी लिहितात आणि तीच कॅप्सूल लागू पडते. एका काकांची बायको माझ्याशी भांडायला आली होती की पोटाचं दुखणं वेगळं आणि तुम्ही ॲसिडिटीची गोळी कशाला चिकटवता. त्यांना बसवून, गल्ल्यामागच्या कॅलेंडरच्या पाठीवर चित्र काढून दाखवलं, जठर, दरवाजा, मणी. चित्र घरी घेऊन गेल्या.

बायोवाली
केमिस्टकाका, क्लास. पित्तातले क्षारसुद्धा ॲसिडमध्ये साक्यासारखे खाली बसतात आणि चरबी विरघळवायचं काम सोडतात, म्हणजे तिथेही बायकार्बोनेट लागतंच. याचं दुसरं टोक म्हणजे झॉलिंजर-एलिसन, १९५५ मध्ये वर्णन झालेला विरळ आजार, गॅस्ट्रिन बनवणारी गाठ असते, ॲसिड इतकं येतं की धडधाकट स्वादुपिंडही पुरं पडत नाही. पेशंट येतो अल्सर आणि जुलाब दोन्ही घेऊन.

सोडावॉटर
बरं बाबांनो, सोड्याचं सोडियमचं पटलं, बीपीची गोळी चालू आहे माझी. पण मग रोजची जळजळ आहे तिचं काय? छातीत येते, आडवं झालं की जास्त.

बायोवाली
अहो मग ती बहुतेक खालच्या दिशेची गोष्टच नाही. छातीत, आडवं झाल्यावर, म्हणजे ॲसिड वर अन्ननलिकेत येतंय. तिथे ना ब्रुनर ना सिक्रेटिन. रात्रीचं जेवण आणि झोप यात तीन तास ठेवा, उशीकडची बाजू उंच करा, पोटाचा घेर आणि तंबाखू असेल तर तेही बघा. आणि वर्षानुवर्षं रोज होतंय तर एकदा पोटाच्या डॉक्टरांना दाखवा, फोरमवर नको.
डांबरासारखी काळी संडास, कॉफीच्या चोथ्यासारखी उलटी, गिळायला अडकणं, वजन आपोआप उतरणं, यातलं काही असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. (लोहाच्या गोळ्यांनीही काळी होते, ते डॉक्टरांना सांगा.) आणि गुडघ्यासाठी डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन मनानं घेणाऱ्यांनी पण लक्ष द्या. या गोळ्या प्रोस्टाग्लँडिन बंद करतात आणि अस्तराला म्यूकस-बायकार्बोनेट सोडायला लावणारं तेच असतं. समोरच्या काकूंना पाण्यापेक्षा हे विचारा, गुडघ्यासाठी काय घेतात.

संपादक
कृपया औषधांचे डोस धाग्यात लिहू नयेत. आतापर्यंत कोणी लिहिले नाहीत, धन्यवाद. धागा आरोग्य विभागातच ठेवत आहोत.

फास्टलोकल
काकूंना विचारलं. रोज एक, उपाशीपोटी, कोणीतरी केमिस्टनं दिलेली. उद्या त्यांच्या मुलाला घेऊन डॉक्टरकडे जातायत.

परळचा केमिस्ट
तो केमिस्ट मी नाही हां. कांदिवली आमच्या लाइनीत येत नाही.

चिंचगूळ
एच. पायलोरीची टेस्ट रक्ताचीच का? माझ्या भावाला वडिलांसारखंच दुखायला लागलंय आणि तो ॲसिडिटीच्या गोळ्या खातोच आहे.

बायोवाली
रक्तातल्या टेस्टमध्ये जुना संसर्ग होऊन गेला असेल तरी पॉझिटिव्ह दिसू शकतं. श्वासाची युरिया टेस्ट किंवा शौचातली अँटिजेन टेस्ट बरी, किंवा एंडोस्कोपीत तुकडा. मात्र पँटोप्राझोल वगैरे चालू असताना जंतू दबून बसतो आणि टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते, म्हणून साधारण दोन आठवडे आधी त्या गोळ्या आणि चार आठवडे आधी अँटिबायोटिक थांबवलेलं असावं लागतं. पण भावाला सांगा आपल्या मनानं थांबवू नको, डॉक्टरांना विचारूनच. वडिलांना अल्सर होता हे पहिल्या वाक्यात सांगायला लावा.

शेवगा
शेवटचा आणि सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. सोलकढी. आंबट आहे म्हणजे सिक्रेटिन बोलावणार, नारळाचं दूध आहे म्हणजे स्निग्ध. मालवणी थाळीनंतर प्यायची की नाही ते सांगा, शनिवारी दादरला जायचंय.

बायोवाली
कोकमातली आम्लं जठरातल्या ॲसिडपुढे सौम्यच आहेत. नारळाच्या दुधातलं तेल कोलेसिस्टोकायनिन बोलावेल आणि पायलोरस अजून सावकाश सोडेल. थाळी तळलेल्या सुरमईची असेल तर ते आधीच झालेलं असतं, सोलकढीनं त्यात फार फरक पडत नाही. बिनधास्त प्या, फक्त जेवून लगेच ट्रेनमध्ये आडवे होऊ नका.

शेवगा
शनिवारी संध्याकाळी ट्रेनमध्ये आडवं व्हायला जागा कुठे मिळते हो ताई.